हॉस्पिटलात दोन 'बेबी ऑफ पूजा' होत्या. तुमच्या वर्गात तुमच्या नावाचे किती जण होते?

पूजा, ऐरोली

मुलगी होऊन आज तेवीस दिवस झाले. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं, पण नणंदेच्या सासरी सुतक आलं. आत्याशिवाय बारसं कसं करणार? म्हणून ते येत्या रविवारवर गेलं. तोवर बाळाला कुणी चिऊ म्हणतं, कुणी माऊ, आणि सासरे 'आमची बाय' म्हणतात. मला विचारायचंय ते नावाबद्दलच, पण बाळाच्या नावाआधी माझ्या.

ठाण्याच्या ज्या हॉस्पिटलात मी होते तिथे बाळाच्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी बांधतात, आईच्या नावाची. माझ्या मुलीच्या पट्टीवर निळ्या बॉलपेनाने लिहिलं होतं, 'बेबी ऑफ पूजा'. मनगट एवढंसं, की पट्टी शेवटच्या भोकात अडकवूनही सैल होती आणि 'जा' बटणाखाली दुमडला गेला होता. मी बोटाने पट्टी सरकवून तो 'जा' बाहेर काढला आणि मला रडू आलं. चांगलं रडू. माझं नाव पहिल्यांदाच कुणाच्या तरी अंगावर होतं.

तासाभराने शेजारच्या खाटेवर एक बाई सिझेरियन होऊन आली. मागोमाग तिचं बाळ आणलं. त्याच्या पट्टीवरही 'बेबी ऑफ पूजा'. सिस्टरने दोन्ही पट्ट्या पाहिल्या, जीभ चावली, खिशातून पेन काढलं आणि माझ्या मुलीच्या पट्टीवर नावापुढे १ घातला, त्या बाळाच्या पट्टीवर २.

सिस्टरचं काही चुकलं नाही. उलट तिने सांभाळलं. पण तो आकडा बघून पोटात जे काही झालं, ते तीस वर्षांचं साठलेलं होतं.

मी १९९३ ची. कळव्यात वाढले. वर्गात आम्ही पाच पूजा होतो आणि त्यातल्या दोघी 'पूजा संजय पाटील'. आपल्या ठाण्यात पाटील काय कमी आहेत, आणि त्या वयाच्या मुलींच्या बापांत संजय काय कमी आहेत! बाईंनी मला 'मोठी पूजा' केलं, कारण मी उंच होते. दहावीनंतर कॉलेजात मी 'कळव्याची पूजा' झाले. ऑफिसात 'जुनी पूजा', कारण माझ्यानंतर दोन आल्या. सासरी थोरल्या जाऊबाईही पूजा, म्हणून मी 'धाकटी'. उंची, गाव, नोकरीची वर्षं, सगळं माझ्या नावाला चिकटलं, पण नुसतं नाव कुठेच पुरलं नाही. रस्त्यात कुणी 'पूजा' अशी हाक मारली तर मी वळून बघत नाही. ही सवय शाळेतच लागली.

सातव्या महिन्यात एका लॅबमधून माझ्या नावावर दुसऱ्याच पूजाचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सात. दोन रात्री मी झोपले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी वय बघितलं, सत्तावीस लिहिलं होतं, आणि म्हणाल्या, हा तुझा नाहीच. मी सुटले. मग एकदम आठवलं, की सात हिमोग्लोबिनवाली ती दुसरी पूजा माझा रिपोर्ट घेऊन निर्धास्त बसली असेल. निखिलने त्याच क्षणी लॅबला फोन लावला आणि तिला कळवल्याशिवाय ठेवला नाही.

तर मी ठरवलं होतं, मुलीचं नाव असं ठेवायचं की हाक मारली की फक्त तिनेच बघावं. नक्षत्र रोहिणी, म्हणजे ओ, वा, वी, वू. मी 'वाग्मी' काढलं. अर्थ चांगला, आणि आमच्या ओळखीत कुणाचं नाही. नणंद 'ओवी' म्हणते. आमच्याच सोसायटीत दोन ओव्या आहेत, एक बी विंगमध्ये आणि एक समोर. मी नको म्हटलं, तर ताई गप्प झाल्या. आई म्हणाली, "वाग्मी? खिडकीतून एकदा हाक मारून तर बघ."

आता माझा खरा गुंता. माझ्या आईचं माहेरचं नाव मंदाकिनी. लग्नात बाबांनी तबकातल्या तांदळात अंगठीने 'सुषमा' लिहिलं आणि मंदाकिनी तिथेच राहिली. मामा फोनवर 'मंदे' म्हणतो तेव्हा आईचा आवाज अजूनही वेगळा होतो. माझ्या लग्नात सासूबाई म्हणाल्या, घरात एक पूजा आहेच, तुझं 'प्राची' करू. कुणी रागाने नाही बोललं, सोयीचं होतं म्हणून बोलले. मी लहानपणापासून वेगळं नाव मागत होते, आणि ते असं चालत समोर आलं. तबक पुढे आल्यावर मी निखिलच्या कानात म्हटलं, "पूजाच लिही." का म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही.

आणि आता नवा नियम आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदावर असं लिहायचं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे माझी मुलगी जिथे जिथे पूर्ण नाव लिहील तिथे तिच्या नावाला लागून 'पूजा' येणार, जन्मभर. जे नाव मला कधी पुरलं नाही, ते मी तिला देतेय.

ज्यांच्या नावाचे वर्गात चार-पाच जण होते त्यांनी सांगा, पुढे कधी ते आपलं वाटलं का? आणि ज्यांचं नाव कुणाचंच नव्हतं, त्यांना बरं गेलं का? मला मनापासून हवंय उत्तर. रविवार जवळ आलाय.

कळवेकर

पूजाताई, अभिनंदन. बाकीचं जाणकार सांगतील, मी कागदाचं सांगतो, कारण लोक घाईत नाव लिहून बसतात. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून बारा महिन्यांत बिनशुल्क, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. त्यामुळे रविवारी बारसं करा, पण कागदावरचं नाव मन थाऱ्यावर आल्यावर घाला. एकदा दाखल्यावर चढलेलं नाव बदलायला राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. माझ्या भावाने ते केलंय, पाय मोडतात.

सुनीता (नौपाड्याच्या बाई)

पूजा, तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. छत्तीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, तुझ्या वयाच्या सगळ्या मुली मला वर्गातल्याच वाटतात.

माझ्याकडे जुन्या हजेरीपटांचं एक वेड आहे. पट शाळेत जमा होतात, पण दर वर्षी जूनमध्ये मी वर्गाची नावं माझ्या वहीत उतरवून घेत असे. त्या वह्या अजून कपाटात आहेत. ऐंशीच्या आसपास पानोपान संदीप, सचिन, अमित, स्वाती, वैशाली, मनीषा. पुढे ओंकार, अक्षय, शुभम, सायली, ऋतुजा, प्रियांका आणि तुम्ही पूजा. एका वर्षी चौतीस मुलींत सहा. शेवटच्या वर्षांत वेदांत, आर्यन, श्रावणी, सिद्धी. निवृत्त झाल्यावर एकदा शाळेत गेले तर पहिलीच्या हजेरीचं पहिलं अख्खं पान 'अ'चं होतं. अद्विक, अन्वित, अन्वी, अवनी, आरव, आराध्या. प्रत्येक आईबापाने वेगळं नाव शोधलं होतं, आणि बाईंना ती हजेरी घेताना सारखं अडखळायला होत होतं.

आपल्याकडे सरकार अशी वर्षाची यादी काढत नाही. अमेरिकेत काढतात. माझा मुलगा न्यू जर्सीला असतो, नातीच्या वेळी त्याने मला ती दाखवली. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाकडे १८८० पासूनची नावं आहेत. १९७० ते १९८४, सलग पंधरा वर्षं, मुलींत पहिलं नाव जेनिफर. तिकडच्या त्या वयाच्या बायका म्हणजे आपल्या संगीता-सुनीताच की! १९४७ मध्ये जन्मलेल्या दर शंभर मुलींत पाचाहून जास्त लिंडा होत्या. आता पहिल्या नंबरचं नावही शंभरात जेमतेम एकीचं असतं. म्हणजे जगभरच लोक एकाच नावात गर्दी करणं सोडून देत आहेत.

पण मी लिहायला बसले ते तुझ्या त्या १ आणि २ मुळे.

सहा पूजा होत्या त्या वर्षीची गोष्ट. पहिल्या महिन्यात सोय म्हणून मी पटावरच्या क्रमाने त्यांना आकडे दिले. पूजा एक, पूजा दोन, अशी. चौथी जी होती ती अगदी गप्प मुलगी, डबासुद्धा पाठ करून खायची. श्रावणात मी चित्रं काढायला दिली. तिने पावसातलं घर काढलं, छपराला लाल खडू, दारात एक छत्री उलटी पडलेली. सुंदर होतं. खाली उजव्या कोपऱ्यात मुलं नाव घालतात तसं तिने घातलं होतं, 'पूजा ४'.

पोरगी सात वर्षांची. घरी एकुलती एक. घरात तिला कुणी चार म्हणत नव्हतं. मी दिलेला आकडा तिने नावाचा भाग समजून सही केली होती. मी ते चित्र हातात घेऊन बाकाजवळ उभी राहिले आणि मला बोलता येईना. दुसऱ्या दिवसापासून आकडे बंद केले. सहाही जणींना वडिलांच्या नावासकट हाक. वेळ लागायचा, लागू दे. पण ते चित्र मी तिला परत दिलं तेव्हा त्या चारवर काट मारायचं मला सुचलं नाही, याची टोचणी इतकी वर्षं आहे.

म्हणून तुला सांगते, तुझं नाव तुला पुरलं नाही यात नावाचा दोष नाही. आम्ही बायांनी, शिक्षकांनी, सिस्टरनी घाईत त्याच्यापुढे काहीतरी डकवलं. हॉस्पिटलची ती पट्टी जपून ठेवली असशील तर त्या एकावर तू स्वतः काट मार.

पूजा, ऐरोली

बाई, पट्टी आहे. जन्माच्या फाइलमध्ये ठेवलीय. तुमचं वाचून मी उठून काढली. अजून काट मारलेली नाही, हातात घेऊन बसलेय. ती चौथी मुलगी आता कुठे असेल?

सुनीता (नौपाड्याच्या बाई)

डोंबिवलीला असते असं कुणीतरी सांगितलं होतं. चित्रकलेचे वर्ग घेते म्हणे. भेट नाही.

सचिन ७९, नेरूळ

नमस्कार. माझं नाव वर बाईंच्या यादीत आहेच.

मी १९७९ चा. आईला नट सचिन आवडायचा, म्हणून मी सचिन. वर्गात तिघे होतो. तिघांना काही त्रास नव्हता, आम्ही एकाच बाकावर बसायचो. मग १९८९ चा नोव्हेंबर आला, कराचीला सोळा वर्षांचा तेंडुलकर उतरला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमचं नाव आमच्या हातातून गेलं. मैदानात मी शून्यावर बाद झालो की अख्खी चाळ, "अरे सचिन ना तू?" मी डावखुरा गोलंदाज, मला बॅटिंग जमायचीच नाही, पण हे कुणाला सांगणार? मला क्रिकेटच नकोसं झालं. चौदाव्या वर्षी मी खेळणं सोडलं. आज मुलाला सांगताना वाईट वाटतं, कारण बॉल चांगला वळायचा.

नोकरीला लागलो, इलेक्ट्रिकचं काम. ज्या घरात जाईन तिथे चहा देताना, "तेंडुलकरवरून ठेवलं का?" मी सांगायचो, माझं बारसं झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचंही नाव त्याच्या वडिलांनी, कवी रमेश तेंडुलकरांनी, सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. तोही कुणाचं तरी नाव घेऊनच आला. गावसकरांनी मुलाला रोहन ठेवलं तेही रोहन कन्हाय यांच्यावरून.

आता ते सांगतो, ज्यासाठी लिहितोय. २५ एप्रिल २०१०. आमच्या नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आयपीएलची फायनल, मुंबई विरुद्ध चेन्नई. आदल्या दिवशी तेंडुलकर सदतीस वर्षांचा झाला होता आणि हाताला टाके घालून खेळत होता. मेव्हण्याने तिकीट आणलं म्हणून गेलो, नाहीतर मी जाणारा नाही. वरच्या मजल्यावर जागा. तो फलंदाजीला उतरला आणि सगळं स्टेडियम सुरू झालं, "सच्चिन… सच्चिन…" टाळ्यांच्या ठेक्यात. तुम्ही टीव्हीवर ऐकलं असेल. आत बसून ऐकणं वेगळं आहे. सिमेंटची पायरी हलते. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते, टोपी घातलेले, तेही उभं राहून माझं नाव ओरडत होते.

मला माहीत होतं ती हाक त्याला आहे. पण कानाला ते कळत नाही हो. एकतीस वर्षांत माझं नाव इतक्या मायेने मी कधीच ऐकलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. माझे वडील कडक होते, हाक म्हणजे दटावणीच. मी खाली बसलो आणि तोंड झाकून रडलो. मेव्हण्याला वाटलं मॅचसाठी. तो अठ्ठेचाळीसवर बाद झाला, मुंबई हरली, आम्ही पायी घरी आलो. त्या दिवसापासून नावाबद्दलचा राग गेला. कसा, ते विचारू नका.

आमच्या बिल्डिंगमध्ये आता पंचवीसच्या आतला एकही सचिन नाही. लोकलमध्ये कुणी हाक मारली की माझ्याच वयाचे, कानाजवळ पिकलेले दोघे-तिघे वळतात. एकमेकांकडे बघून हसतो आम्ही. मला आवडतं ते.

मृण्मयी, घोडबंदर रोड

मी दुसऱ्या बाजूची. आख्ख्या शाळेत एकटी मृण्मयी होते आणि पूजा असते तर बरं झालं असतं असं शंभरदा वाटलंय. नवीन शिक्षक हजेरी घेताना माझ्या आधीच्या नावावर थांबायचे, चष्मा सारखा करायचे, आणि तो थांबला क्षण संपायच्या आत मीच उठून 'हजर' म्हणायचे, म्हणजे त्यांना वाचावं लागू नये. दहा वर्षं. इंग्रजीत माझं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने आहे. आधारवर एक, पॅनवर दुसरं. घराचं कर्ज त्यापायी दीड महिना अडलं. कुणी नाव चुकीचं घेतलं की मी दुरुस्त करत नाही, थकले. म्हणजे तुला हाकेला न वळण्याची सवय लागली, मला चुकीच्या हाकेला वळायची.

मानसशास्त्रात एम. ए. केलं, तिथे एक गोष्ट कळली. योझेफ नुटिन नावाचे बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ. गाडी चालवताना त्यांच्या लक्षात आलं, की पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर आपल्या नावातली अक्षरं असली की त्या आपल्याला जास्त आवडतात. त्यांनी प्रयोग केले, लोकांसमोर अक्षरं ठेवली आणि विचार न करता आवडतं ते निवडा म्हणून सांगितलं. १९८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. लोक स्वतःच्या नावातली अक्षरं जास्त निवडतात, आणि का निवडली हे त्यांना उमगत नाही.

हे शिकल्यावर मी घरी येऊन वहीत नुसतं 'मृ' लिहिलं. मग 'ण्म'. खरंच, मला ही जोडाक्षरं काढायला फार आवडतात. 'मृ'ची खालची वळी, 'ण्म'मधला अर्धा ण. नाव उच्चारताना लाज वाटायची, पण लिहिताना हात कधी अडला नाही. लहानपणी पाटीवर हेच पहिलं गिरवलं ना.

तू तबकासमोर 'पूजाच लिही' म्हणालीस, ते मला इथून समजतं. मोठ्याने घेतलेलं नाव तुझ्या वाट्याला कधी एकटीच्या आलं नाही, पण लिहिलेलं 'पू' आणि 'जा' तुझेच होते. प्राची तू कधी गिरवलीच नव्हतीस.

वाग्मी ठेवणार असशील तर एक कर. आठ दिवस भाजीवाल्याला, वॉचमनला, रिक्षावाल्याला ते नाव सांगून बघ आणि ते परत कसं म्हणतात ऐक. मग ठरव.

जावळीची लेक, कोपरखैरणे

आमचे वडील माथाडी, मार्केटला. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे, जावळीतले. मी इथं फारसं लिहीत नाही, पण ताईचं वाचून राहवेना.

आमच्या आत्याला तीन मुलीच. तिसरी झाली तेव्हा आत्याच्या सासूने नाव ठेवलं नकोशी. आमच्या भागात ही पद्धत होती, मुली नको असल्या की शेवटचीला नकोशी म्हणायचं, म्हणजे पुढला मुलगा होतो. पूर्वी मुलं जगत नसली की दगडू, धोंडू ठेवायचे, ते जगावं म्हणून. हे तसं नव्हतं. हे शाळेच्या दाखल्यावरसुद्धा नकोशीच.

सुट्टीत ती आमच्याकडे कोपरखैरण्याला यायची. आम्ही मुली खाली खेळायचो. नवीन कुणी मुलगी आली आणि नाव विचारलं, की ती बुटाचं बक्कल लावायला खाली बसायची. बक्कल लागलेलंच असायचं. मग मीच सांगायचे, ही माझी आतेबहीण. नाव सांगायचे नाही.

२०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेने अशा मुली शोधून काढल्या. दोनशे पंच्याऐंशी होत्या. साताऱ्यात कार्यक्रम करून सगळ्यांना नवीन नाव दिलं. आधी मुलींना विचारलं होतं, तुला कोणतं हवं. कुणी नट्यांची नावं घेतली, कुणी देवींची. आमची बहीण तेव्हा तेरा वर्षांची. आम्हाला वाटलं काहीतरी झगझगीत घेईल. तिनं सांगितलं, पूजा.

आत्या म्हणाली, अगं वर्गात तीन आहेत की. तर ती म्हणाली, म्हणूनच. नाव सांगितल्यावर कुणी परत विचारणार नाही, "काय म्हणालीस?" असं.

पुढल्या मेमध्ये ती आली. जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, तुझं नाव काय गं? ती उभी राहिली आणि म्हणाली, पूजा. काकू म्हणाल्या बरं, आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या. झालं एवढंच. पण बहिणीने माझा हात एवढा घट्ट धरला होता, की बांगडी रुतली माझी.

पूजाताई, तुम्हाला वाईट वाटतं ते खोटं नाही. पाच जणींत आपण कोण हे वाटणारच. फक्त तुम्हाला सांगावंसं वाटलं, की एकीनं हे नाव निवडून घेतलंय.

सचिन ७९, नेरूळ

ताई, वाचून उठलो आणि गॅलरीत जाऊन आलो. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

पूजा, ऐरोली

उशीर झाला लिहायला, बाळ रात्रभर जागं होतं.

सगळ्यांचं वाचलं. जावळीच्या ताईंचं निखिलला मोठ्याने वाचून दाखवलं, तो शेवटपर्यंत बोलला नाही, नुसता पाळण्याची दोरी हलवत होता. सचिनदादा, तुम्ही पुन्हा बॉल हातात घ्या, मुलासोबत तरी.

मृण्मयीने सांगितलं तसं केलं. वॉचमनकाकांना सांगितलं, वाग्मी. ते म्हणाले, "वाघमी? वाघीण का?" भाजीवाल्या मावशींनी दोनदा विचारलं आणि मग म्हणाल्या, "जाऊ दे, चिऊच म्हणेन मी." मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला ओवी सांगितलं. त्याने मान हलवली आणि कपड्याच्या चिठ्ठीवर लगेच लिहून टाकलं. सांगायचं असं काही ठरलं नव्हतं, तोंडातून गेलं.

काल ताईंना फोन केला. म्हटलं, ताई, ओवी ठेवा, तुम्हीच कानात सांगा. त्या इतका वेळ बोलल्या नाहीत की मला वाटलं फोन कट झाला. बी विंगमधल्या ओवीची आई लसीच्या दिवशी भेटली होती. तिलाही बोलावलंय, मुलीला घेऊन. दोघींना आकडे द्यायचे नाहीत, हे तिलाही सांगितलं, बाईंच्या चित्रासकट.

बाई, पट्टीवरच्या एकावर काट मारली. त्याच निळ्या शाईच्या पेनाने. मग कागदावर एकदा लिहून पाहिलं, ओवी पूजा निखिल. 'पू' लिहिताना हात अडला नाही.

जावळीच्या ताई, रविवारी अकरा वाजता बारसं आहे, ऐरोली स्टेशनवरून रिक्षा मिळते. पत्ता तुम्हाला वेगळा कळवते. तुमची बहीण इकडे असेल तर तिलाही घेऊन या. पाळण्याखालून बाळ घ्यायला दोघी लागतात, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणायला. एका बाजूला मी आहे, दुसऱ्या बाजूला ती उभी राहील का, तेवढं विचारा. घुगऱ्यांसाठी हरभरे शनिवारी रात्री भिजत घालतेय, किती माणसं ते तोवर सांगा.